बिकिनी बेटावर परत कोण गेले?



लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाचा शेवटचा भाग आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. घराच्या भिंतीला लागलेल्या चट्ट्याविषयी तो आहे. याजकाने आत पाऊल टाकण्याआधी घर रिकामे करायचे, म्हणजे घरातल्यांचे सामान अशुद्ध ठरू नये. मग याजकाने आत जाऊन भिंती पाहायच्या. चट्टे खोल गेलेले दिसले तर बाहेर येऊन घर सात दिवस बंद ठेवायचे आणि सातव्या दिवशी परत येऊन पाहायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून, भिंतीचा लेप खरवडून सगळे नगराबाहेर अशुद्ध जागी टाकायचे. एवढे करूनही चट्टा परत आला तर घर पाडायचे. बायबल अभ्यासवर्गात हा अध्याय आला की आम्हीही बहुधा पाने उलटून पुढे जातो.

या वेळी मात्र त्यावर थांबावेसे वाटले, ते पॅसिफिक महासागरातल्या काही ख्रिस्ती वस्त्यांच्या इतिहासामुळे. अणुबाँबच्या चाचण्यांसाठी त्यांची बेटे रिकामी करण्यात आली. चाचणीनंतर बेटावर परत कोणी जायचे, केव्हा जायचे आणि आत गेल्यावर काय मोजायचे, हे प्रश्न तिथे फार तपशिलाने विचारले गेले. पण ते कोणासाठी विचारले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

मार्शल बेटे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईला उतरले. त्यांना बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाने पाठवले होते, त्याच बोर्डाने १८५७ मध्ये मार्शल बेटांपैकी एबन या बेटावर आपले मिशनरी उतरवले. ज्या घराण्यांची मुळे अहमदनगर, वडाळे, सोलापूर या बाजूला आहेत त्यांना अमेरिकन मराठी मिशन हे नाव नवे नाही. तिकडे जाणाऱ्या मिशनरींच्या ‘मॉर्निंग स्टार’ जहाजासाठी अमेरिकेतल्या शब्बाथ शाळांच्या मुलांनी पैसा पैसा जमवला होता. पुढे ही सुवार्ता उत्तरेकडच्या बिकिनीपर्यंत पोहोचली. नात्याच्या भाषेत सांगायचे तर बिकिनीची मंडळी ही आपली चुलत मंडळीच.

रविवार, १० फेब्रुवारी १९४६. बिकिनीवर सकाळची उपासना आटोपली होती. मार्शल बेटांचे अमेरिकी लष्करी राज्यपाल कमोडोर बेन वायट यांनी लोकांना एकत्र बसवले आणि विचारले, मानवजातीच्या भल्यासाठी व जगातली युद्धे थांबावीत म्हणून तुम्ही तुमचे बेट तात्पुरते सोडाल का? श्रोते बायबल जाणणारे आहेत हे ओळखून त्यांनी या लोकांची तुलना शत्रूपासून सोडवून वचनदत्त देशाकडे नेलेल्या इस्राएल लोकांशी केली. ही तुलना आम्हाला खटकते. इस्राएल लोक दास्यातून बाहेर निघाले होते. बिकिनीचे लोक स्वतःच्या घरातून निघणार होते. लोकांनी आपसांत विचार केला आणि त्यांचे प्रमुख राजा जूडा यांनी उत्तर दिले, त्याचा अर्थ असा की सर्व काही देवाच्या हाती आहे. मार्शली भाषेतले ते शब्द आज बिकिनीच्या झेंड्यावर आहेत.

महिन्याभराने, ६ मार्चला, हाच प्रसंग चित्रपटाच्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा करून घेण्यात आला. दुसऱ्या दिवशी १६७ माणसे जहाजात चढली. निघण्याआधी त्यांनी आपल्या कबरी फुलापानांनी सजवल्या. चर्चची इमारत उतरवून तिचे सुटे भागही त्यांनी रोंगेरिक बेटावर सोबत नेले. घर रिकामे झाले. लेवीयातली पहिली पायरी इथवर तरी पाळली गेली, असे म्हणता येईल.

आता आत जाण्याची गोष्ट. बिकिनीच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या समुद्रात, ९० हून अधिक जुनी जहाजे लक्ष्य म्हणून नांगरलेली होती. १ जुलै १९४६ रोजी ‘एबल’ हा बाँब हवेत फोडला आणि २५ जुलैला ‘बेकर’ पाण्याखाली. जहाजांवर दाब, उष्णता व किरणे मोजणारी असंख्य उपकरणे होती. काही अतिशय महागडी, तर काही अगदी साधी. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम पेनी हे पत्र्याचे डबे किती चेपले यावरून स्फोटाचा दाब काढत. आमच्या मते या सगळ्या थाटात तो माणूस सर्वांत शहाणा, कारण डब्याला वीज लागत नाही आणि तो बिघडतही नाही.

उपकरण कितीही चांगले असले तरी ते जाऊन आणावे लागते, आणि तिथे धोका असतो. म्हणून क्रम ठरला होता. आधी माणसाविना उडणारी, रेडिओवर चालणारी विमाने ढगात पाठवायची. मग माणूस नसलेल्या बोटी लगूनमध्ये सोडून पाण्याचे नमुने आणायचे. नोहाने आधी पक्षी सोडले होते, तसेच काहीसे. त्यानंतर गायगर काउंटर घेतलेले तपासनीस छोट्या बोटींतून हळूहळू पुढे सरकत आणि काटा चढला की मागे फिरत. त्यांनी वाट मोकळी आहे म्हटल्यावरच उपकरणे काढणारी पथके जहाजावर चढत. अनेकांच्या छातीवर काळ्या वेष्टनातली फिल्मची लहान पट्टी असे. किरणे लागतील तशी ती काळवंडते, आणि त्यावरून त्या माणसाच्या वाट्याला किती आले ते कळते. दिवसाला ०.१ रोंटजेन ही मर्यादा होती. कागदावर ही व्यवस्था लेवीयाच्या याजकालाही पसंत पडली असती.

कागदावर म्हणण्याचे कारण बेकर. पाण्याखालच्या त्या स्फोटाने किरणोत्सारी पाण्याचा लोट सगळ्या जहाजांवर कोसळला. खलाशांना साबण, कॉस्टिक सोडा आणि ब्रश देऊन डेक घासायला लावले. किरणोत्सार घासून जाईना. शिवाय गायगर काउंटरला प्लुटोनियम जवळजवळ दिसतच नाही, आणि ते फुप्फुसात गेले तर बाहेर निघत नाही. किरणसुरक्षेचे प्रमुख कर्नल स्टॅफर्ड वॉरन हे डॉक्टर होते. ते काम थांबवा म्हणत होते आणि नौदलाला ते पटत नव्हते. शेवटी एका माशाने निकाल लावला. लगूनमधला एक मासा फोटोच्या फिल्मवर ठेवला, तर त्याने स्वतःच्याच किरणांनी स्वतःचा फोटो काढला. शेवाळ खाल्ल्यामुळे त्याचे पोट त्या चित्रात उजळून दिसत होते. १० ऑगस्टला वॉरन यांनी ते चित्र अॅडमिरल ब्लँडी यांच्यापुढे ठेवले आणि जहाजे धुण्याचे काम बंद झाले. ठरलेली तिसरी चाचणीही पुढे रद्द झाली.

हा मासा लक्षात ठेवावा अशी विनंती आहे. बेटावर उभे राहून काटा वाचणे वेगळे आणि बेटाचे अन्न पोटात जाणे वेगळे, हे १९४६ च्या ऑगस्टमध्ये एका फिल्मवर लिहिलेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञ व पाणबुडे पुन्हा बिकिनीवर गेले. त्यांनी बुडालेल्या जहाजांत उतरून पाहणी केली, राहिलेली उपकरणे वर काढली, प्रवाळ, मासे आणि झाडे तपासली. ज्यांचे हे बेट, ते १६७ जण त्या वेळी रोंगेरिकवर होते. तिथले माड आणि मासे त्यांना पुरत नव्हते. १९४८ च्या आरंभी ते उपासमारीच्या काठावर पोहोचले होते. मार्चमध्ये त्यांना क्वाजालीनला तंबूंत हलवले आणि वर्षअखेर किली नावाच्या, लगूनच नसलेल्या बेटावर. ज्या माणसाला शांत पाण्यात होडी घालून मासे मारायची सवय, त्याला किलीवर उसळता समुद्र मिळाला.

उपकरणे आणायला जाणाऱ्यांनीही किंमत मोजली, हे न सांगणे अन्यायाचे होईल. १ नोव्हेंबर १९५२ रोजी शेजारच्या एनेवेटाकवर पहिला मोठा हायड्रोजन स्फोट झाला आणि एलुगेलाब हे बेट नकाशावरून पुसले गेले. त्या ढगातून नमुने गोळा करायला वैमानिकांना पाठवले होते. त्यांच्यापैकी जिमी रॉबिन्सन यांच्या विमानातले इंधन संपले. ते समुद्रात पडले आणि परत आले नाहीत. त्या ढगाच्या गाळणकागदांवर आणि नंतर आणलेल्या प्रवाळाच्या चुऱ्यात दोन नवी मूलद्रव्ये सापडली, ९९ आणि १०० क्रमांकाची.

आता थोडे गणित. स्फोटानंतरची किरणे आपोआप कमी होत जातात, त्याचा ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाला की जोर दहापट घटतो. पहिल्या तासाला १०० असेल तर सातव्या तासाला १० आणि ४९ व्या तासाला १. सात या आकड्यात कोणी गूढ शोधू नये, तो योगायोग आहे. पण या नियमामुळेच उपकरणे आणणाऱ्याला हिशेब करता येतो. दोन दिवस थांबलो तर इतकी मिनिटे उभे राहता येईल, पेटी उचलायची आणि निघायचे. त्याचा प्रश्न एवढाच असतो की मी इथे किती वेळ थांबू शकतो.

जो तिथे राहायला जाणार, त्याचा प्रश्न दुसराच असतो. मी इथले काय खाऊ शकतो? त्याला सातपटीचा नियम पुरा पडत नाही. सगळे क्षणजीवी पदार्थ विझल्यावर मागे राहतात सीझियम आणि स्ट्रॉन्शियम. त्यांचा जोर निम्मा व्हायला तीसएक वर्षे लागतात. प्लुटोनियमला २४ हजार. गोव्याच्या वाचकांना माड म्हणजे काय हे सांगायला नको. पाणी, खोबरे, तेल, ताडीपासून झापापर्यंत संसार त्यावर चालतो. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी असते. सीझियम रासायनिक स्वभावाने पोटॅशियमसारखेच, त्यामुळे भुकेलेला माड ते मुळांनी ओढून शहाळ्यात भरतो. जमिनीवर धरलेला काउंटर शांत असला तरी शहाळे शांत नसते.

१ मार्च १९५४ च्या पहाटे बिकिनीवर ‘ब्राव्हो’ स्फोट झाला. ६ मेगाटनच्या आसपास अपेक्षा होती, निघाला १५ मेगाटन. प्रवाळात दोन किलोमीटर रुंद खड्डा पडला. सुमारे ३० किलोमीटरवरच्या एन्यू बेटावर काँक्रीटच्या कोठडीत स्फोट घडवणारे नऊ जण होते. थोड्याच वेळात बाहेरची किरणे इतकी वाढली की ते आतल्या खोलीत जाऊन दारे बंद करून बसले. हवा आत ओढणारी यंत्रेही त्यांनी बंद केली. दुपारनंतर हेलिकॉप्टरने त्यांना उचलले. धूळ अंगावर पडू नये म्हणून पलंगपोस गुंडाळून ते धावत बाहेर आले. त्याच दिवशी त्यांची सुटका झाली.

पूर्वेला रोंगेलापवर मुलांनी पांढरी भुकटी पडताना पाहिली आणि ते तीत खेळले. ती जळून उडालेल्या प्रवाळाची राख होती. पाण्याच्या टाक्यांत, जेवणात, तेल लावलेल्या केसांत ती बसली. संध्याकाळपर्यंत लोकांना उलट्या सुरू झाल्या. रोंगेलापच्याही पलीकडे, रोंगेरिकवर, आता २८ अमेरिकी सैनिकांचे हवामान केंद्र होते. तिथले किरणमापक यंत्र मोजता येईल त्या टोकाला जाऊन थांबले. त्या सैनिकांना २ मार्चला विमानाने बाहेर काढले. रोंगेलापवर त्या दिवशी यंत्रे घेऊन दोन माणसे आली. त्यांनी मोजले, पाणी पिऊ नका म्हणाले आणि थोड्या वेळात निघून गेली. लोकांना नेणारे जहाज ३ मार्चला आले. रोंगेलाप आणि जवळचे आयलिंगिनाए मिळून ८२ माणसे होती.

दोन आकडे शेजारी ठेवतो. त्या चाचणीमालिकेत काम करणाऱ्या माणसासाठी संपूर्ण मोहिमेची मर्यादा ३.९ रोंटजेन होती. रोंगेलापच्या लोकांना दोन दिवसांत सुमारे १७५ मिळाले, हा त्या वेळचाच सरकारी अंदाज. हे जाणूनबुजून केले की चुकून घडले यावर आजही वाद आहे. हेतूचा न्याय आम्ही करणार नाही. आम्हाला क्रम दिसतो: कोणाला आधी बाहेर काढले आणि कोण थांबले.

त्यानंतरचा भाग लिहिताना हात जड होतो. उटिरिक बेटाच्या लोकांना तीन महिन्यांतच परत पाठवले होते. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकी अणुशक्ती आयोगाच्या सल्लागार समितीपुढे त्या आयोगाचे एक वरिष्ठ अधिकारी मेरिल आयझेनबड बोलले. त्याची नोंद आहे. अशा दूषित जागी माणसे राहू लागली की त्यांच्या शरीरात किती शिरते ते मोजणे मोठे उपयोगी ठरेल, आणि हे लोक सुधारलेल्या लोकांसारखे राहत नसले तरी उंदरांपेक्षा ते आपल्याला जवळचे आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जून १९५७ मध्ये रोंगेलापच्या लोकांनाही घरी नेले. बेट आता राहण्याजोगे आहे असे त्यांना सांगितले गेले. दरवर्षी डॉक्टरांचे पथक येई, रक्त घेई, लघवी घेई, शरीरातले सीझियम मोजी आणि निघून जाई. उपकरण जागेवर ठेवायचे आणि ठरावीक दिवसांनी येऊन वाचायचे, अशीच ही रीत होती. आलेल्या प्रत्येक डॉक्टराचे मन कठोर होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी औषधोपचार केले, थायरॉइडच्या गाठी निघाल्यावर शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला नेले. पण या लोकांना मात्र आपण रुग्ण आहोत की नमुने, हे कळेनासे झाले होते. गावप्रमुख जॉन अंजाइन यांचा मुलगा लेकोज राख पडली तेव्हा एक वर्षाचा होता. १९७२ मध्ये तो १९ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला.

आणि बिकिनी? १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बेट राहण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर केले. कचरा उचलला, घरे बांधली, नवे माड लावले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबे परतली. त्यांनी जमीन पाहिली, कबरी पाहिल्या, माडांना फळ आले आणि ते फळ खाल्ले. १९७८ मध्ये त्यांच्या शरीरातले सीझियम मर्यादेबाहेर गेल्याचे आढळले आणि सप्टेंबरपर्यंत त्यांना पुन्हा हलवले. माशाने १९४६ मध्ये सांगितलेले ३२ वर्षांनी माणसांच्या शरीरात मोजून खरे ठरले.

एनेवेटाकवर तरी खरवडण्याचे काम झाले. १९७७ ते १९८० या काळात सुमारे ४,००० सैनिकांनी तिथली माती उकरली. रूनिट बेटावर १९५८ च्या एका स्फोटाचा खड्डा होता. त्यात ती माती भरून वर ४६ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट बांधला. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही, खाली सच्छिद्र प्रवाळ आणि भरती-ओहोटीचे पाणी आहे. लेवीयात खरवडलेला लेप नगराबाहेर टाकायला सांगितले आहे. पण एनेवेटाकला ‘बाहेर’ कुठे आहे? वस्ती त्याच लगूनच्या दुसऱ्या टोकाला.

रोंगेलापच्या लोकांनी शेवटी कोणाच्या काट्याची वाट पाहिली नाही. अमेरिकी अधिकारी बेट सुरक्षित आहे असेच म्हणत होते. ज्यांनी राख अंगावर घेतली त्या बाया पोराबाळांच्या आजारांकडे बघून त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. त्यांचे प्रतिनिधी जेटन अंजाइन यांनी सरकारांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग त्यांनी ग्रीनपीस संघटनेला विचारले. मे १९८५ मध्ये ‘रेनबो वॉरियर’ जहाजाने फेऱ्या करून तीनशेहून अधिक लोकांना क्वाजालीन प्रवाळद्वीपातल्या मेजाटो बेटावर पोहोचवले. घरांच्या फळ्या आणि पत्रे त्यांनी स्वतः उतरवून सोबत घेतले. आधी माणसे आणि सामान बाहेर, मग तपासणी. या वेळी क्रम त्यांनी स्वतः ठरवला होता. स्वतंत्र तज्ज्ञांकडून बेटाची तपासणी व्हावी ही मागणी त्यांनी मेजाटोवरून लावून धरली आणि ती अमेरिकी काँग्रेसपर्यंत नेली. १९९६ मध्ये बेटाची सफाई व पुनर्वसन यासाठी ४.५ कोटी डॉलरचा करार झाला. ज्या म्हाताऱ्यांनी १९५४ ची राख पाहिली होती त्यांतले काही तोवर मेजाटोवरच पुरले गेले होते.